केशोरीहून कॉलेज किती लांब?

प्रश्न : आमच्या गोंदिया जिल्ह्याची साक्षरता राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त आहे, असं वाचलं. गावातली पोरं दहावी-बारावीपर्यंत शिकतातही. मग पुण्या-नागपूरच्या मानाने कॉलेजात जाणारी मुलं आमच्याकडे इतकी कमी का? आमची मुलं हुशारीत कमी पडतात का?
— एक पालक, केशोरी (ता. अर्जुनी मोरगाव)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, अजिबात नाही.

तुम्ही वाचलेलं बरोबर आहे. २०११च्या जनगणनेत गोंदियाची साक्षरता सुमारे ८५ टक्के होती, राज्याची ८२च्या आसपास. तुमच्या शेजारचा गडचिरोली तेव्हा ७४वर होता. पण जनगणना विचारते एवढंच की, सात वर्षांवरच्या माणसाला कुठल्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येतं का. कॉलेजचा हिशेब वेगळा असतो. १८ ते २३ वयाच्या लोकसंख्येच्या मानाने उच्च शिक्षणात किती नावं दाखल आहेत, ते त्यात पाहतात. २०२१-२२मध्ये हे प्रमाण महाराष्ट्रात शंभरामागे ३५च्या थोडं वर होतं, देशात २८च्या थोडं वर. साक्षर व्हायला गावची शाळा पुरते. पदवीसाठी घर सोडावं लागतं, आणि घर सोडणं प्रत्येकाला परवडत नाही.

साक्षरता भरपूर आणि कॉलेज कमी, हे फक्त तुमच्याकडेच आहे असंही नाही. उच्च शिक्षणात मागे असलेल्या देशभरातल्या ३७४ जिल्ह्यांची एक यादी २००१च्या जनगणनेवरून केली होती. तिथे नवीन आदर्श महाविद्यालयं काढायची होती. महाराष्ट्रातून तिच्यात गडचिरोली, बुलढाणा, जालना, हिंगोली होते, आणि त्यांच्याबरोबर रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गही! दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं पहिला येतो, तरी त्याचे जिल्हे या यादीत. याचं एक कारण असं की कोकणातली मुलं शिकायला मुंबईला जातात आणि त्यांची मोजणी मुंबईत होते. केशोरीचा मुलगा नागपूरला खोली करून शिकत असेल, तर तोही नागपूरच्या खात्यात जमा होतो. म्हणजे तुम्हाला दिसणाऱ्या फरकातला काही भाग मोजणीचा आहे.

पण काही भागच. जे गेले त्यांचं नाव कुठेतरी लागलं. मला काळजी वाटते ती बारावी पास होऊन घरीच राहिलेल्यांची.

शिक्षण हक्क कायद्याखाली प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असावी, असं ठरलेलं आहे. कॉलेज घरापासून किती लांब असावं, हे कोणत्याही कायद्याने ठरवलेलं नाही. खेड्यातल्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या बस आहेत, पण दोन्ही बारावीपर्यंतच. नेमकी जिथून वाट लांबते, तिथे मदत थांबते. शाळा जवळ आणल्या म्हणून तुमच्याकडची साक्षरता वाढली. कॉलेजच्या बाबतीत मात्र मुलांनीच लांब जावं, अशी आपली अपेक्षा आहे. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

केशोरीतल्या एखाद्या दोन एकर धानवाल्या घरात जून-जुलैत काय चाललेलं असतं, ते तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. नांगरणी झालेली, परहे टाकलेले, पुढे रोवणीची मजुरी द्यायची. मागच्या हंगामाचे चुकारे घरखर्चात आणि उधारीत गेलेले. नवा धान आधारभूत केंद्रावर जाऊन पैसा हातात यायला हिवाळा उजाडणार. मिरची तर त्याहून पुढे. आणि बरोबर याच दिवसांत प्रवेशाच्या फेऱ्या, मूळ दाखले, जात वैधता प्रमाणपत्र, खोलीचं आगाऊ भाडं, मेसचे पैसे. फी पुढे माफ होते, शिष्यवृत्तीही येते, पण ती येते नंतर. जुलैतल्या त्या एका आठवड्यात चार-पाच हजार रुपये हाताशी नसले की मुलगी म्हणते, ‘पुढच्या वर्षी बघू.’ पुढच्या वर्षी ती बांधीत रोवणीला असते किंवा तिच्या सोयरिकीची बोलणी सुरू झालेली असतात. पगारदार घरात हा प्रश्न उठतच नाही, कारण तिथे जुलै महिना इतर महिन्यांसारखाच असतो.

दुसरी गोष्ट शाखेची. तालुक्याच्या गावी कॉलेज असलं तरी हवा तो विषय मिळेलच असं नाही. विज्ञानाची आवड असलेली मुलगी जवळ आहे म्हणून कला शाखेला जाते. आकड्यात तिची गणना ‘कॉलेजात गेली’ अशीच होते.

‘विदर्भ शिक्षणात मागे’ असं सरसकट म्हटलेलं मला पटत नाही. पुण्यात फर्ग्युसन कॉलेज १८८५ सालचं, नागपुरात मॉरिस कॉलेजही १८८५चंच. नागपूर विद्यापीठ १९२३चं, पुणे विद्यापीठाच्या पाव शतक आधीचं. उशीर नागपूरला झाला नाही, तो पूर्वेच्या धानपट्ट्याला झाला. मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली १९५८ साली. गोंदिया वेगळा जिल्हा झाला १९९९ साली आणि तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं २०१६ साली. विदर्भाची सरासरी काढली की नागपूरच्या बेरजेत केशोरी दिसेनाशी होते.

हा फरक सरकारला माहीत नव्हता, असं म्हणता येणार नाही. १९५३च्या नागपूर करारात व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचं कलम होतं. राज्यघटनेच्या ३७१(२) कलमात विदर्भ-मराठवाड्यासाठी तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींचा स्पष्ट उल्लेख आहे. दांडेकर समितीने १९८४मध्ये इतर क्षेत्रांबरोबर शिक्षणाचाही अनुशेष मोजला. त्यानंतर १९९४मध्ये वैधानिक विकास मंडळं आली आणि २०२०मध्ये त्यांची मुदत संपली. त्याच वर्षी वैद्यकीय प्रवेशातलं ७०:३० हे विभागवार सूत्रही रद्द झालं. अनुशेष मोजला गेला तो विभागाचा नि जिल्ह्याचा. गावापासून कॉलेजापर्यंतचं अंतर आणि त्या रस्त्यावरची शेवटची बस यांचाही अनुशेष काढला पाहिजे.

प्रश्न : मुलगी यंदा बारावी झाली. तिला गोंदियाला घालू की ब्रह्मपुरीला? ब्रह्मपुरी दुसऱ्या जिल्ह्यात, विद्यापीठही वेगळं. पुढे अडचण येईल का?
— त्याच पालकांचा पुढचा प्रश्न

उत्तर : अर्जुनी स्टेशनवरून एका बाजूला गोंदिया आणि दुसऱ्या बाजूला वडसा, ब्रह्मपुरी, सगळं एकाच रुळावर. जिल्ह्याच्या सीमेमुळे गोंदियाची कॉलेजं नागपूर विद्यापीठात राहिली आणि ब्रह्मपुरीची २०११मध्ये गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाकडे गेली. दोन्ही सरकारी विद्यापीठं आहेत, नोकरीसाठी आणि पुढच्या शिक्षणासाठी दोन्हींची पदवी सारखीच चालते. तेव्हा विद्यापीठाचं नाव बाजूला ठेवा. तिला हवा तो विषय कुठे आहे आणि मुलींच्या वसतिगृहात जागा कुठे मिळते, ते पाहून ठरवा.

प्रवेशाबरोबरच शासकीय वसतिगृहाचा अर्ज भरा, जागा मिळणार नाही असं वाटलं तरीही. आदिवासी मुलांना वसतिगृह मिळालं नाही, तर ‘स्वयम्’ योजनेतून राहण्या-जेवणाची रक्कम थेट बँक खात्यात मिळते. त्याची चौकशी देवरीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी ‘स्वाधार’ आहे, त्याचं समाजकल्याणकडे विचारा; ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिचं इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात विचारा. खातं आधारशी जोडलेलं आहे का, ते आजच बघा. व्यावसायिक अभ्यासक्रम घेणार असाल, तर आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींची फी २०२४-२५पासून माफ आहे. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागतो. तहसीलमध्ये गर्दी व्हायच्या आधी तो काढून ठेवा.