एकट्याचा निवारा

कल्याणपुढें आसनगांवाजवळ सुमारें २,८०० फूट उंचीचा माहुली गड आहे. अशा ठिकाणीं एकट्यानें मुक्कामास जाणाऱ्यानें तंबू निवडतांना मुरबाड-शहापूरकडील शेतकऱ्याचें जुनें इरलें आठवावें. बांबूच्या कामट्या व पानें यांचें तें छत डोक्यापासून पाठीवर उतरे. हात मोकळे राहत, आणि पुढून उघडें असल्यानें वारा खेळे. हा वाराच महत्त्वाचा. एकपदरी, बंदिस्त तंबूंत आपल्याच श्वासांतील वाफ थंड कापडावर जमून अंथरूण भिजविते, आणि आपण उगाच कापडास दोष देतों! यास्तव आपल्या दमट हवेंत आंत जाळी व वर वेगळें छत असा दुपदरी तंबू घ्यावा. पावशेरभर वजन वाढलें तरी चालेल. कातळांत खुंट्या रुतत नाहींत, म्हणून दोर जड दगडांस बांधावे.