नादाची पारख

वेरूळच्या दहाव्या लेण्यात पाऊल टाकताच बोलका माणूसही क्षणभर गप्प होतो. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर असलेले हे विश्वकर्मा लेणे सातव्या शतकातील आहे. त्याच्या उंच कमानदार छताला कोरलेल्या फासळ्या हुबेहूब लाकडी तुळयांसारख्या दिसतात. म्हणूनच लोक या लेण्यास ‘सुताराची झोपडी’ असे म्हणतात. समोर स्तूप आणि त्यापुढे बसलेली बुद्धांची भव्य मूर्ती. येथे कोणी एखादा सूर संथपणे लावला, तर तो ओठ मिटताच विझत नाही. खांब, भिंती आणि छत त्या सुराला पुनःपुन्हा परत पाठवितात आणि काही काळ तो सभागृहात भरून राहतो. परंतु तोच माणूस तेथे भरभर बोलू लागला, तर त्याचा एक शब्द दुसऱ्यात मिसळतो आणि अर्थ नीट कळत नाही. गळा तोच, कानही तेच. मग एकदा गोडवा आणि एकदा गोंधळ कशामुळे? नाद केवळ गळ्यात किंवा वाद्यात नसतो. तो ज्या जागेत उमटतो ती जागाही त्याला घडवीत असते.

घरी यंत्रावर गाणे ऐकणारे पुष्कळ लोक हीच गोष्ट विसरतात.

आवाज साठवून तो पुन्हा ऐकविण्याची युक्ती एडिसन यांनी १८७७ मध्ये साधली. पुढे १८८७ मध्ये बर्लिनर यांनी सपाट तबकडीचा ग्रामोफोन पुढे आणला. भारतात १९०२ मध्ये कलकत्ता येथे गौहर जान यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण झाले. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचेच गाणे मावत असे; तासभर रंगणारा राग गवयांना तेवढ्या अवकाशात बसवावा लागे. १९४८ मध्ये मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी निघाली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. नंतर दोन स्पीकरांवर ऐकावयाच्या स्टीरिओ तबकड्या आल्या, १९८२ मध्ये सीडी आली आणि आता तर खिशातील फोनही गाऊ लागला आहे. प्रत्येक नव्या यंत्राबरोबर एकच ग्वाही दिली गेली : ‘हे अगदी अस्सल गाण्यासारखे आहे.’ ‘हाय-फाय’ या शब्दाचा आशयही हाच : मूळ नादाशी उच्च दर्जाचे इमान राखणारे यंत्र.

पण ही ग्वाही खरी की खोटी, हे ठरवावयाचे कसे?

एडिसन यांच्या कंपनीने १९१५ पासून अमेरिकेत याचे जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर यंत्र ठेवलेले असे आणि त्याच्या शेजारी प्रत्यक्ष गायिका उभी राहत असे. ती गाता गाता मध्येच थांबे, तबकडी मात्र चालूच असे. कधी दिवे मालवले जात आणि पुन्हा लागत, तेव्हा गायिका तेथून निघून गेलेली असे! श्रोते थक्क होत. यंत्राने माणसाची बरोबरी केली, अशी त्यांची खात्री पटे. या प्रयोगांत गाणाऱ्या ॲना केस यांनी उतारवयात सांगितले, की त्या आपला आवाज मुद्दाम यंत्राच्या आवाजासारखा लावीत असत. म्हणजे यंत्र माणसासारखे गात नव्हते. माणूसच यंत्रासारखा गात होता. श्रोत्यांचे कान खोटे नव्हते, तुलना मात्र सरळ नव्हती.

तुलना सरळ असावी, यासाठी काही नियम पाळावे लागतात. वाण्याच्या तराजूत पासंग असेल, तर माल कितीही चोख असला तरी वजन चुकणारच. कानाच्या तराजूतही असेच पासंग असतात. त्यांतील पहिला पासंग आवाजाच्या उंचीचा. दोन यंत्रांपैकी एकाचा आवाज किंचित मोठा असला, तरी तेच अधिक सुरेल आहे असे वाटू लागते. दुसरा पासंग किमतीचा आणि नावाचा. हे यंत्र महाग आहे, असे आधी कळले की कान नकळत त्याची बाजू घेतो. तिसरा पासंग स्मरणाचा. काल ऐकलेला नाद आज जसाच्या तसा आठवत नाही. म्हणून गाणे एकच असावे, आवाज सारखाच मोठा असावा, पालट लगेच व्हावा आणि कोणते यंत्र वाजत आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसावे. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे कळणार नाही.

छत्रपती संभाजीनगरातील एका घराचे उदाहरण घेऊ. घरात आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. आजोबांनी तरुणपणी एकेक रुपया बाजूला टाकून जमविलेल्या तबकड्यांचे एक कपाट होते. अलीकडे त्यांचे मन त्या गाण्यांत रमेना. गवयाचा आवाज नेमका कोठून येतो ते समजत नव्हते, डग्गा पातळ वाजत होता आणि वरचे सूर खरखरत होते. मुलाला वाटले, यंत्र जुने झाले. दिवाळीसाठी राखलेल्या पैशांतून नवा ॲम्प्लिफायर घ्यावा, असे त्याने ठरविले आणि दुकानदाराच्या संमतीने एक ॲम्प्लिफायर दोन दिवस पारखण्यासाठी घरी आणला.

सातव्या इयत्तेतील नात म्हणाली, “बाबा, आधी जुनेच नीट लावून पाहू या. मग तुलना करू.” तिने एक वही घेतली. प्रत्येक वेळी एकच बदल करावयाचा, गाणे ऐकावयाचे आणि काय जाणवले ते लिहावयाचे, असा तिने नियम केला.

प्रथम तिने तारा तपासल्या. उजव्या स्पीकरची तांबडी तार काळ्या टोकाला जोडलेली होती. त्यामुळे एका स्पीकरचा पडदा पुढे सरके, तेव्हा दुसऱ्याचा मागे जाई. दोघे मिळून हवा ढकलण्याऐवजी एकमेकांचे खर्जाचे नाद पुसून टाकीत होते. तार फिरविताच डग्गा भरून वाजू लागला आणि गवयाचा आवाज दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधून आला. आता मात्र दुसरे वैगुण्य उघडे पडले : डग्गा नको इतका घुमू लागला. एक स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर होता आणि कोपऱ्यात खर्ज फुगतो. तो भिंतीपासून पुढे ओढून आजोबांच्या कानाइतक्या उंचीवर ठेवला. दुसराही तसाच ठेवला. दोन स्पीकर आणि आजोबांची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण झाला. वहीत तिने लिहिले : ‘घुमणे कमी. सूर स्पष्ट.’

नंतर तिने खोलीच्या मध्यभागी उभी राहून टाळी वाजविली. टाळीमागे एक बारीक झंकार उठला. खाली शहाबादी फरशी आणि चारी बाजूंना उघड्या गुळगुळीत भिंती. जणू वेरूळच्या लेण्याचा लहानसा नमुनाच! आईने फरशीवर जाड सतरंजी अंथरली आणि नातवाने समोरच्या भिंतीवर आजीने शिवलेली गोधडी टांगली. पुन्हा वाजविलेली टाळी कोरडी आणि नेमकी उमटली. कापूस वरच्या नादांना शोषून घेतो. जाड गोधडी थंडीत जशी ऊब देते, तशी ती गाण्यातला गोंगाटही आवरते.

तरीही खरखर गेली नव्हती. वडिलांनी गवंड्याची पाणसळ आणून तबकडीची फिरती थाळी समपातळीत आणली. सुईवरची धूळ मऊ कुंचल्याने झाडली. मग भिंगातून पाहिले, तेव्हा सुईचे टोक झिजलेले दिसले. हा शोध सर्वांत महत्त्वाचा ठरला. झिजलेली सुई केवळ वाईट वाजत नाही. प्रत्येक फेऱ्यागणिक ती तबकडीची खाच खरवडत जाते. एकदा खरवडलेला सूर पुन्हा कोणत्याही किमतीला मिळत नाही. आजोबांच्या कपाटातील कित्येक तबकड्या आता बाजारात कोठेही मिळण्याजोग्या नव्हत्या. सुई बदलेपर्यंत एकही तबकडी लावावयाची नाही, असे त्याच क्षणी ठरले. दुसऱ्या दिवशी नवी सुई आणली आणि तिचा भार बनविणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे सुमारे दोन ग्रॅम ठेवला. खरखर नाहीशी झाली.

आता तुलनेची वेळ आली. जुना आणि नवा असे दोन्ही ॲम्प्लिफायर चादरीआड ठेवले. दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला. नातू नाणे उडवी. छाप पडला तर जुना, काटा पडला तर नवा. आजोबा आणि वडील ऐकत आणि कोणता वाजत आहे ते कागदावर लिहीत. असे दहा वेळा केले. आजोबांची उत्तरे पाच वेळा बरोबर आली, वडिलांची सहा वेळा. डोळे मिटून नुसते अंदाज बांधले असते, तरी जवळजवळ इतकीच उत्तरे बरोबर आली असती! नवा ॲम्प्लिफायर वाईट नव्हता. पण या घरातल्या कानांना त्याचा निराळेपणा ओळखता आला नाही. वडील हसून म्हणाले, “काल मला त्यात फार फरक वाटला होता. तो फरक यंत्रात नव्हता. मी त्याची किंमत ऐकत होतो.” ॲम्प्लिफायर नीट बांधून दुकानदाराकडे परत गेला.

त्या रात्री आजोबांनी ख्यालाची तबकडी लावली. ते म्हणाले, “आधी गवयाकडे लक्ष देऊ नका. मागचा तंबोरा ऐका. यंत्र बरे लागले आहे की नाही, हे तंबोरा सांगतो.” गाण्यामागे तंबोऱ्याचा अखंड गुंजारव पसरला होता.

हा गुंजारव साधणे, हेही बारीक जुळणीचेच काम आहे. सांगली जिल्ह्यातील मिरज हे गाव तंबोरे आणि सतारी यांसाठी प्रसिद्ध आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकात तेथे हा व्यवसाय रुजविला. पंढरपूरच्या परिसरात पिकणाऱ्या मोठ्या भोपळ्यांपासून हे तंबोरे घडतात. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचे वास्तव्य मिरजेतच होते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याच्या चार तारा खुंट्या पिळून सुरात आणतात आणि मणी सरकवून राहिलेली केसाएवढी उणीव भरून काढतात. एवढ्याने काम संपत नाही. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक लहानसा धागा असतो. घोडीचा माथा किंचित गोलसर असतो आणि कंप पावणारी तार त्याला हलकेच स्पर्श करीत राहते. धागा तसूभरही नव्हे, नुसता कणभर पुढेमागे सरकविला, की हा स्पर्श नेमका जुळतो आणि एका तारेतून अनेक सूक्ष्म स्वर फुलून येतात. हीच जवारी. भारतीय तंतुवाद्यांच्या घोडीमुळे नादाला येणाऱ्या या वैशिष्ट्याचा अभ्यास सर चंद्रशेखर वेंकट रमण यांनी १९२१ मध्ये केला होता. हजारो रुपयांच्या वाद्याचा प्राण कवडीमोल धाग्यावर अवलंबून असतो! परंतु तो धागा कोठे थांबवावयाचा, हे केवळ कान सांगतो आणि असा कान बाजारात विकत मिळत नाही. तो रोज ऐकून, तुलना करून आणि आपली चूक कबूल करून घडवावा लागतो.

आजोबांच्या घरी दिवाळीचे पैसे शिल्लक राहिले. खर्च झाला तो एका सुईचा. नातीने वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले : ‘तार सरळ केली. जागा बदलली. गोधडी टांगली. थाळी समपातळीत आणली. सुई बदलली.’ आजोबांनी ते वाचले आणि खाली आपल्या थरथरत्या अक्षरांत एक ओळ वाढविली : ‘आणि ऐकावयास शिकलो.’

शब्दार्थ

पासंग – तराजूच्या दोन पारड्यांतील वजनाचा फरक
खर्ज – खालचा, गंभीर सूर
वैगुण्य – उणीव, दोष
पाणसळ – पृष्ठभाग समपातळीत आहे की नाही, हे पाहण्याचे गवंड्याचे साधन
गुंजारव – भुंग्याच्या आवाजासारखा मधुर, अखंड नाद
घोडी – तंतुवाद्यातील तारांना खालून आधार देणारी पट्टी
तसूभर – अगदी थोडे

स्वाध्याय

१. वेरूळच्या दहाव्या लेण्यात संथ सूर गोड वाटतो, पण भरभर बोलणे कळत नाही. असे का होते?

२. एडिसन यांच्या कंपनीच्या प्रयोगांतील तुलना सरळ का नव्हती?

३. कानाच्या तराजूतील तीन पासंग कोणते? प्रत्येक पासंग टाळण्याचा उपाय सांगा.

४. नातीने एका वेळी एकच बदल का केला? तिने सर्व बदल एकदम केले असते, तर काय झाले असते?

५. ‘मी त्याची किंमत ऐकत होतो’ या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : मन रमणे, उघडे पडणे, बाजू घेणे, खात्री पटणे.

७. आपल्या घरातील आणि शाळेतील एकेका खोलीत टाळी वाजवून पाहा. कोणत्या खोलीत टाळीचा नाद अधिक काळ टिकतो? त्याची कारणे शोधून पाच-सहा वाक्ये लिहा.