सैनिकाचें कुटुंब व नोंदींची शुद्धता

देशासाठीं लढतां लढतां जो सैनिक धारातीर्थीं पडतो, त्याचा गौरव सर्वच करितात; परंतु त्याच्या मागें राहिलेल्या पत्नीचा व लेंकरांचा चरितार्थ कसा चालतो, हें जाणणारे थोडे. आमच्या नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कित्येक घरांतले तरुण सैन्यांत आहेत. यास्तव ही माहिती आम्ही येथें देत आहों.

मृत सैनिकाच्या कुटुंबास मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचे मुख्य प्रकार तीन. मृत्यूचा नोकरीशीं संबंध नसल्यास तें साधारणतः शेवटच्या वेतनाच्या शेंकडा 30 असतें. मृत्यु नोकरीच्या कारणानें आल्यास शेंकडा 60. आणि शत्रूशीं लढतांना आल्यास शेवटच्या वेतनाइतकें पूर्ण.

पूर्वीं हें वेतन बहुधा बँकांमार्फत वांटलें जाई. 2021 सालापासून ‘स्पर्श’ नांवाची संगणकीय पद्धति अमलांत येऊं लागली. संरक्षण लेखा विभागाच्या प्रयागराज येथील कार्यालयाकडून ती चालते. सैनिकाचें व वारसांचें नांव, जन्मतारखा, बँकेचें खातें हें सर्व तींत एके ठिकाणीं असतें, व रक्कम सरळ खात्यांत जमा होते. वर्षांतून एकदां हयातीचा दाखला मात्र द्यावा लागतो.

ही सोय मोठी खरी. परंतु यंत्रास जें नोंदविलें असेल तेवढेंच कळतें. आपल्याकडे लग्नांत वधूचें नांव बदलण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. माहेरची गंगू सासरीं सुशीला होते. मग शाळेच्या दाखल्यावर एक नांव, आधारपत्रावर दुसरें, आणि पतीच्या सेवेच्या कागदांत तिसरें! सारा गांव तिला ओळखतो, पण कागद ओळखत नाहीं. ऐन दुःखाच्या दिवसांत तिला प्रतिज्ञापत्रें व दाखले यांसाठीं हेलपाटे घालावे लागतात.

हें टाळण्याचा उपाय सैनिकाच्या हयातींतच करावयाचा असतो. विवाह झाला, अपत्य जन्मलें, कीं त्यानें आपल्या पलटणींत कळवावें. तेथें ‘पार्ट टू ऑर्डर’ निघून ती नोंद पलटणीच्या अभिलेख कार्यालयांत जाते; मराठा पलटणीचें हें कार्यालय बेळगांवीं, तर महार पलटणीचें सागर येथें आहे. पत्नीचें नांव सर्व कागदांत अक्षरशः एकच असावें, बँकेंत पति-पत्नीचें संयुक्त खातें असावें, आणि सेवाक्रमांक व निवृत्तिवेतनाच्या आदेशाची प्रत घरांत सर्वांस ठाऊक असलेल्या जागीं ठेवावी.

अडचण आल्यास नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणीं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे; पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाच्या देखरेखीखालीं तें चालतें. कुटुंबानें प्रथम तेथेंच जावें, मध्यस्थाच्या हातीं कागद देऊं नयेत.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या गांवीं एखाद्या सैनिकाची माता वा पत्नी असेल, तर तिचे कागद तिला वाचून दाखवा, नांवें ताडून पाहा. विधवेच्या व पोरक्या लेंकराच्या हक्काचें रक्षण करणें ही थोर सेवा आहे, आणि ती करण्यास तुम्हांला आलेलें लिहिणें-वाचणें पुरेसें आहे.