ससा पाळण्यापूर्वी

(घरात ससा असावा, असे पुष्कळ मुलांना वाटते. पण रोजच्या धावपळीत त्याची देखभाल करायला वेळ मिळेल का? हे कसे ठरवावे, ते या पाठात सांगितले आहे.)

पांढरीशुभ्र लव, लांब कान आणि सारखे हलणारे नाक! बाजारात जाळीच्या पिंजऱ्यातला ससा दिसला, की मुलांची पावले थांबतात. "अब्बा, एक तरी घेऊ या ना!" असा हट्ट सुरू होतो. ससा विकत घ्यायला पाच मिनिटे पुरतात. पण नीट सांभाळला, तर तो आठ ते दहा वर्षे जगतो. आज तुम्ही आठवीत असाल, तर तुमची दहावी होईल, बारावी होईल, कदाचित कॉलेजही संपेल. ससा मात्र घरातच असेल. म्हणून पैसे मोजण्याआधी वेळ मोजावा.

सशाला वेळ कशासाठी द्यावा लागतो? पहिली गोष्ट चाऱ्याची. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. गवत चावून चावून ते झिजतात. त्याचे पोटही सतत काम करत राहावे लागते. म्हणून त्याच्यापुढे दिवसरात्र गवत हवे. चित्रात ससा नेहमी गाजर खातो. पण गाजर गोड असते, ते चवीपुरतेच द्यावे. हरळीसारखे स्वच्छ गवत हेच त्याचे खरे अन्न. थोडी कोथिंबीर किंवा मुळ्याचा पाला चालतो. कांदा, लसूण, बिस्किटे आणि चॉकलेट मुळीच देऊ नये. ससा बारा तास काहीच खात नसेल, तर 'उद्या पाहू' म्हणू नये. त्याला लगेच पशुवैद्याकडे न्यावे.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. पिंजरा रोज साफ केला नाही, तर घरात उग्र वास येतो आणि सशाचे पाय दुखावतात. तिसरी गोष्ट मोकळेपणाची. ससा हा पळणारा, उड्या मारणारा प्राणी आहे. त्याला रोज पिंजऱ्याबाहेर सोडावे लागते. त्या वेळी मांजर, कुत्रा आणि विजेच्या वायरी यांच्यापासून त्याला जपावे लागते.

आता हिशेब करू. सकाळी गवत-पाणी बदलणे आणि झाडलोट करणे, २० मिनिटे. संध्याकाळी पुन्हा चारा घालणे, १० मिनिटे. मोकळे सोडून लक्ष ठेवणे, कमीत कमी १ तास. म्हणजे रोज दीड तास आणि आठवड्याला साडेदहा तास. सुटीच्या दिवशी पिंजरा धुऊन उन्हात वाळवायला दीड तास. एकूण १२ तास झाले.

एक सोय मात्र आहे. ससा पहाटे आणि सांजवेळी चपळ असतो; दुपारी तो बहुधा विश्रांती घेतो. तुम्ही शाळेत असता, तेव्हा तो झोपलेला असतो. पण तुमची संध्याकाळ मोकळी आहे का? शिकवणी, अरबीचा धडा, अम्मीने सांगितलेली कामे, खेळ आणि गृहपाठ हे सारे त्याच वेळेत असते. सुटीच्या दिवशी चार तास दिले, म्हणून बुधवारची भूक भागत नाही. थोडाच, पण रोज ठरलेला वेळ द्यावा लागतो.

म्हणून वेळापत्रक तपासताना सोपा दिवस धरू नये, सर्वांत कठीण दिवस धरावा. परीक्षेच्या दिवसांत गवत कोण आणील? ईदला सगळे गावी गेले, तर पाणी कोण ठेवील? मे महिन्यात मालेगाव, भुसावळ येथे पारा ४० अंशांच्या वर जातो. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. तो कानांतून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. कडक उन्हाळ्यात तेवढे पुरत नाही. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला ससा एका दुपारीत दगावू शकतो. त्याला सावलीत हलवणारे, पिंजऱ्यावर ओले पोते टाकणारे कोणी दुपारी घरी असते का?

एकटा ससा कंटाळतो, म्हणून काही जण जोडी आणतात. पण नर आणि मादी एकत्र ठेवले, तर साधारण एका महिन्यात पिल्ले होतात. एका वेळी सहा-सात पिल्लेही होऊ शकतात. मग आपला हिशेब पार कोलमडतो. शेतात सापडलेला रानससा तर घरी आणूच नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे त्याला पकडणे गुन्हा आहे.

मग निर्णय कसा घ्यावा? ससा आणण्यापूर्वी पंधरा दिवस सशाशिवाय परीक्षा घ्या. रोज सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी मूठभर गवत आणा. शेजाऱ्यांच्या बकरीला ते घाला. घराचा एक कोपरा झाडा. संध्याकाळी एक तास दुसरे काम न करता तेथे बसा. झालेल्या कामाची वहीत खूण करा. पंधरा दिवसांनी वही घरच्यांना दाखवा. एकही खूण चुकली नसेल आणि तुमच्या गैरहजेरीत काम करायला घरातले कोणी आनंदाने तयार असेल, तर ससा जरूर आणा. खुणा चुकल्या असतील, तर आज 'नाही' म्हणा. त्यात कमीपणा नाही. बोलता न येणाऱ्या जिवाला उपाशी ठेवण्यापेक्षा त्याला न आणणे, हीसुद्धा दयाच आहे.

शब्दार्थ
ससा – खरगोश. लव – अंगावरचे मऊ केस. झिजणे – घासून कमी होणे. उग्र – तीव्र. दगावणे – मरणे. निर्णय – फैसला.

स्वाध्याय
१. सशाला दिवसरात्र गवत का लागते?
२. सर्वांत कठीण दिवस धरून वेळापत्रक का तपासावे?
३. तुमचे रोजचे वेळापत्रक लिहा. ससा पाळावा की नाही, ते कारणांसह आठ ओळींत सांगा.