एकदा झाला, म्हणजे सुटलो?

गेल्या सत्रात क्रॉस कंट्रीच्या आदल्या दिवशी मला ताप आला. एमआय रूममध्ये गेलो तर धावू देणार नाहीत आणि हाउसचे गुण जातील, म्हणून मी गप्प राहिलो. ताप कशाचा होता, ते तपासलेच नाही. "कोरोना मला एकदा होऊन गेलाय, आता काय होणार?" असे मी शेजारच्या खाटेवरच्या मित्राला म्हणालो. तीन दिवसांनी तोही तापाने फणफणला. सुट्टीत शहपुऱ्याला घरी गेल्यावर हे आजोबांना सांगितले. त्यांना मधुमेह आहे. ते म्हणाले, "आणि तो ताप तू घरी आणला असतास तर?" मग मी या विषयावर वाचू लागलो.

मध्य प्रदेशातले पहिले चार रुग्ण २० मार्च २०२० रोजी आमच्या जबलपूरमध्येच सापडले. त्याच वर्षी मुंबईत नायर आणि हिंदुजा रुग्णालयांतील चार आरोग्य कर्मचाऱ्यांना कोरोना दुसऱ्यांदा झाला आणि दुसऱ्या वेळी त्रास जास्त झाला. असे का होते? रक्तातील प्रतिपिंडे काही महिन्यांत कमी होतात आणि विषाणूही आपले रूप बदलत राहतो.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्याच्या नोंदींवर झालेला मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच संसर्ग झालेल्यांच्या तुलनेत पुन्हा संसर्ग झालेल्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट आणि रुग्णालयात दाखल होण्याचा सुमारे तिप्पट आढळला. फुफ्फुसे, हृदय, मूत्रपिंडे यांचे विकारही जास्त दिसले. याचा अर्थ दुसरा संसर्ग पहिल्यापेक्षा वाईटच असतो असा नाही. प्रत्येक संसर्ग आपला धोका सोबत आणतो. त्या अभ्यासातले बहुतेक जण वयस्क पुरुष होते. आपल्या वयात आजार बहुधा सौम्य असतो, पण थकवा, धाप महिनोन्महिने टिकू शकते.

म्हणून मित्रांनो, एवढे पाळूया:
१. ताप आला की त्याच दिवशी सिक रिपोर्ट करावा.
२. तापात धावू नये. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल तर श्रम घातक ठरतात.
३. बरे झाल्यावर डॉक्टरांना विचारून व्यायाम हळूहळू वाढवावा.
४. खोकला असेल तर मास्क लावावा, डॉर्मिटरीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

या सत्रात मला पुन्हा ताप आला, तेव्हा सकाळीच नाव नोंदवले. स्पर्धा हुकली. पण शेजारच्या खाटेवरचा मित्र धावला.