कोवळ्या हातांची निवड

बेसबॉल हा अमेरिकेचा आवडता खेळ. या खेळात पिचरला, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, जे महत्त्व असते ते मैदानावरील दुसऱ्या कोणालाही नसते. ६० फूट ६ इंच अंतरावरून तो चेंडू टप्पा न पाडता फेकतो, आणि बहुतेक सामन्यांचे भवितव्य त्याच्याच हातावर अवलंबून असते. हंगामात प्रत्येक संघाला १६२ सामने खेळावे लागतात. सामन्याचा आरंभ करणारा पिचर एकदा खेळला की त्याला साधारणतः चार-पाच दिवस विश्रांती द्यावी लागते. त्यामुळे प्रत्येक संघाला असे निदान पाच पिचर आणि त्यांच्या मदतीला आणखी काही जण हवे असतात. चांगल्या पिचरांचा तुटवडा हा या खेळाचा जुनाच रोग होय.

नवे खेळाडू मिळवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे ‘ड्राफ्ट’. शाळा-महाविद्यालयांतील हौशी खेळाडूंची ही वार्षिक निवड १९६५ साली सुरू झाली. मागील हंगामात ज्या संघाची कामगिरी सर्वांत वाईट, त्याला निवडीचा पहिला हक्क, हे तिचे मूळ तत्त्व. (२०२३ पासून पहिले सहा क्रमांक सोडतीने ठरतात.) निवडलेल्या खेळाडूला केवळ त्याच संघाशी करार करता येतो, तो मान्य नसेल तर शिक्षणाचा मार्ग त्याला मोकळा असतो.

एखादा संघ या निवडीत तरुण पिचरांना अग्रक्रम का देतो, याचे उत्तर प्रथम अर्थकारणात शोधावे लागते. १९७०-८० या दशकाच्या उत्तरार्धात अनुभवी खेळाडूंना आपला संघ स्वतः निवडण्याचा हक्क मिळाला आणि नामवंत पिचरांचे मोल झपाट्याने वाढले. उलट ड्राफ्टमधून आलेला खेळाडू सर्वोच्च श्रेणीत सहा वर्षांची सेवा पूर्ण करीपर्यंत त्याच संघाकडे राहतो आणि प्रारंभीची वर्षे अल्प वेतनावर खेळतो. बाजारात विकत घेण्यापेक्षा घरच्या मळ्यात पिकवावे, असा हा सरळ हिशेब आहे.

हा हिशेब किती फसवा ठरू शकतो, हे ओकलंड अॅथलेटिक्स या संघाच्या १९९० सालच्या निवडीवरून दिसून येते. १९८९ चा विजेता असलेला हा संघ तेव्हा ऐश्वर्याच्या शिखरावर होता. सोडून गेलेल्या खेळाडूंच्या भरपाईपोटी त्याला निवडीचे जादा क्रमांक मिळाले होते. पहिल्या ३६ निवडींपैकी चार त्याच्या वाट्याला आल्या, आणि चारही त्याने पिचरांवरच खर्च केल्या : टॉड व्हॅन पॉपेल, डॉन पीटर्स, डेव्ह झँकनारो आणि कर्क ड्रेसेनडॉर्फर. वृत्तपत्रांनी या चौघांना ‘चार एक्के’ असे नाव दिले.

व्हॅन पॉपेल हा टेक्ससमधील शाळकरी मुलगा त्या वर्षीचा सर्वांत गुणवान पिचर मानला जाई. आपण विद्यापीठात जाणार, असे त्याने जाहीर केल्यामुळे पहिला क्रमांक असलेल्या अटलांटा संघाने त्याला सोडून चिपर जोन्स या क्षेत्ररक्षक-फलंदाजाची निवड केली. ओकलंडने मात्र चौदाव्या क्रमांकावर व्हॅन पॉपेलला निवडले आणि १२ लाख डॉलरांच्या कराराने त्याचे मन वळवले. या करारान्वये त्याचे नाव लगेच मुख्य संघाच्या यादीत दाखल झाले. त्यामुळे खालच्या श्रेणींत सावकाश शिकण्याची त्याची मुदत आखडली. १९९१ च्या सप्टेंबरात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो सर्वोच्च श्रेणीत उतरला. २००४ पर्यंतच्या कारकिर्दीत त्याच्या नावावर ४० विजय आणि ५२ पराभव जमा झाले. ड्रेसेनडॉर्फर १९९१ साली सात सामने खेळला. खांद्याच्या दुखण्याने तो पुन्हा त्या श्रेणीत दिसला नाही. पीटर्स आणि झँकनारो यांना तर हाताच्या दुखापतींमुळे तिथवर पोहोचताच आले नाही. तिकडे जोन्सने ४६८ होमरन काढले आणि २०१८ साली त्याला बेसबॉलच्या सन्मान-मंदिरात स्थान मिळाले.

असे का घडते, हे समजण्यासाठी शरीररचनेकडे वळले पाहिजे. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला चेंडू सोडताना कोपर झटक्याने सरळ करण्यास मनाई आहे. बेसबॉलमध्ये मात्र वेगाचा उगमच या झटक्यात असतो. कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर त्याचा प्रचंड ताण पडतो. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या हातातील स्नायुबंध काढून तो फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बसवला. ती शस्त्रक्रिया आज त्याच खेळाडूच्या नावाने ओळखली जाते. तिच्यानंतर पूर्ववत खेळण्यास बहुधा वर्षाहून अधिक काळ लागतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचे शरीर पूर्ण भरलेले नसते. म्हणूनच २०१४ साली जाहीर झालेल्या मार्गदर्शक सूचनांत या वयासाठी दिवसाला १०५ चेंडूंची कमाल मर्यादा सांगितली आहे.

२०२५ पर्यंतच्या निवडींत तीनच शालेय पिचर पहिल्या क्रमांकावर निवडले गेले. १९७३ चा डेव्हिड क्लाइड शाळा संपताच काही आठवड्यांत टेक्सस रेंजर्स संघातर्फे उतरवला गेला. त्याच्या पहिल्या सामन्याला पस्तीस हजारांवर प्रेक्षक आले, संघाची तिजोरी भरली. पण १८ विजय आणि ३३ पराभवांनंतर १९७९ मध्ये त्याची सर्वोच्च श्रेणीतील कारकीर्द संपली. १९९१ च्या ब्रायन टेलरचा खांदा मैदानाबाहेरील मारामारीत निकामी झाला. २०१४ च्या ब्रेडी एकेनचा करार कोपराविषयीच्या शंकेमुळे फिसकटला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यावर ती शस्त्रक्रिया करावी लागली. टेलर व एकेन सर्वोच्च श्रेणीत कधीच पोहोचले नाहीत.

तथापि, तरुण पिचर निवडूच नयेत, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. २००६ साली सातव्या क्रमांकावर निवडलेला क्लेटन कर्शॉ शाळेतूनच आला आणि आपल्या पिढीतील श्रेष्ठ पिचरांत गणला गेला. खुद्द ओकलंडनेही पिचरांचा नाद सोडला नाही, रीत बदलली. १९९७ ते १९९९ या तीन वर्षांत त्याने टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो यांना महाविद्यालयांतून निवडले. वाढीचे वय ओलांडलेल्या या तिघांच्या बळावर संघ पुन्हा अग्रस्थानी आला आणि झिटोने २००२ साली सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला.

संघाच्या वहीत चार एक्क्यांपैकी एक जरी चालला तरी डाव सावरतो. पण ज्याचा हात गेला, त्याच्यापाशी दुसरा डाव नसतो. म्हणून अठराव्या वर्षी करारावर सही करणाऱ्या मुलाने आणि त्याच्या पालकांनी किती पैसे मिळणार एवढेच विचारून थांबू नये. शिकायला किती अवधी मिळेल, आठवड्याला किती चेंडू टाकावे लागतील आणि खेळ सुटला तर शिक्षणाचा खर्च कोण करील, हे प्रश्नही त्यांनी त्याच बैठकीत विचारले पाहिजेत.