'सेट' काही बसेना

बावीस वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करतेय. पाककृतींची पुस्तकं, यंत्रांची आणि बांधकामाच्या मालाची माहितीपत्रकं, तीन कादंबऱ्या. एवढ्या वर्षांत 'सेट' या शब्दानं जेवढं छळलं, तेवढं दुसऱ्या कुणी नाही. त्याच्यापायी जे शिकले ते असं.

१. जाड शब्दांना भिऊ नये. 'फोटोसिंथेसिस' आला की 'प्रकाशसंश्लेषण' लिहायचं आणि पुढच्या ओळीला लागायचं. घोळ घालतात ते चिल्लर शब्द. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाची २० खंडांची आवृत्ती १९८९ साली निघाली. तिच्यातली सर्वांत लांब नोंद या 'सेट' क्रियापदाची होती. ४०० हून जास्त अर्थ आणि ६०,००० च्या आसपास शब्द, म्हणजे एका क्रियापदाची आख्खी कादंबरीच. पुढे फेरतपासणीत 'रन'नं ६४५ अर्थांनिशी त्याला मागे टाकलं म्हणे. मला काही वाईट वाटलं नाही.

२. कोश उघडण्याआधी स्वयंपाकघरात विचारावं. माझ्या पहिल्या पुस्तकात कस्टर्ड 'सेट' होऊ द्यायचं होतं. मी लिहिलं, 'गोठू द्या.' प्रुफं आई वाचायची. तिनं तिथंच बोट ठेवलं. "अगं, कस्टर्ड म्हणजे काय बर्फ आहे?" आणि मग भाजी निवडता निवडता तिनं यादीच सांगितली. पाणी गोठतं, तूप थिजतं, दही लागतं, पिठलं आळतं, रक्त साकळतं. रात्री विरजण लावलं की सकाळी 'दही लागलं का?' असंच विचारतात. 'दही घट्ट झालं का?' असं कुणी विचारत नाही. इंग्रजी माणूस मात्र दही, कस्टर्ड, जेली आणि सिमेंट या सगळ्यांना एकाच 'सेट'वर बसवतो. शेवटी कस्टर्डला आईचं 'आळू द्या' गेलं. जेलीपुढे दोघींनी हात टेकले आणि 'घट्ट होऊ द्या' लिहून मोकळ्या झालो.

३. शब्दाचे आईबाप ठाऊक असले की निम्मी भांडणं मिटतात. हे मला फार उशिरा कळलं. 'सेट' हा 'सिट'चा मुलगा. आपल्या 'बसणे'वरून 'बसवणे' व्हावं, तसा जुन्या इंग्रजीच्याही आधी 'सिट'च्या मुळापासून निघालेला. ('सदन' आणि 'परिषद' यांतला संस्कृत 'सद्' हा या 'सिट'चा लांबचा भाऊ.) हे समजल्यावर कितीतरी वाक्यं आपोआप जागेवर आली. डॉक्टर मोडलेलं हाड बसवतात, सोनार अंगठीत खडा बसवतो. इंग्रजीत दोघंही 'सेट'च करतात. फलंदाज 'सेट' झाला म्हणजे त्याचा जम बसला. वा! चार दिवस मी हवेत होते.

पाचव्या दिवशी जमिनीवर आले. आपण नाटक बसवतो, गणपती बसवतो. तिथं 'सेट' फिरकत नाही. आपला घसा बसतो, धंदा बसतो, आजारपणात गाल बसतात. तिथं तर त्याचा वाराही नाही. उलट गजर, सापळा आणि कवितेची चाल या गोष्टी 'सेट' होतात, पण मराठीत त्या बसवायच्या नाहीत, लावायच्या. सूर्य बिचारा मावळतो. आईबाप माहीत असले तरी मुलगा प्रत्येक घरी वेगळा वागतो.

४. एकाच नावाची दोन माणसंही असू शकतात. टी-सेटमधला 'सेट' मुळात वेगळा. तो लॅटिन 'सेक्टा'पासून जुन्या फ्रेंचमार्गे आला, म्हणजे अनुयायांचा जथा, पंथ. पुढे दोघे एकमेकांत असे मिसळले की वेगळे काढणं मुश्कील. पण सहा कपबशांचा हा एक संप्रदाय आहे, हे कळल्यापासून एखादी बशी फुटली की पंथ सोडून कुणी गेल्यासारखं वाटतं. गणितात याला 'संच' म्हणतात, छान शब्द आहे. पण भांड्यांच्या दुकानात जाऊन 'कपबशांचा संच दाखवा' म्हणून बघा.

५. काही ठिकाणी चूक झाली तर नुसतं हसं होत नाही. सिमेंटच्या पत्रकात 'सेट' होणं आणि कडक होणं या दोन्हींना मी 'घट्ट होणे' लिहिलं होतं. साधं पोर्टलँड सिमेंट पाणी घातल्यावर ३० मिनिटांच्या आत धरू लागता कामा नये आणि ६०० मिनिटांत त्यानं पुरतं धरलेलं असावं, असं भारतीय मानक सांगतं. ताकद मात्र पुढे हळूहळू येते. ती २८ दिवसांनी मोजतात. एका इंजिनिअरांचा फोन आला. "बाई, तुमचं वाचून लोक दुसऱ्याच दिवशी स्लॅबखालचे टेकू काढतील." दुसऱ्या आवृत्तीत 'धरणे' आणि 'कडक होणे' असे दोन शब्द आले. 'धरणे' हा गवंड्याचा शब्द.

६. आपल्या बोलण्यात शिरलेल्या 'सेट'चं भाषांतर करत बसू नये. 'मुलगा पुण्यात सेट झाला' यातला 'सेट' खरं तर 'सेटल'ची शेपटी तोडून केलेला. प्राध्यापकीसाठी देतात ती 'सेट' परीक्षा तर नुसती आद्याक्षरं. आणि सेट डोसा म्हणजे एका ताटलीत दोन-तीन जाडसर डोसे.

७. सध्या अडलेय ते कादंबरीतल्या एका म्हातारीपाशी. लेखिकेनं तिला 'आपल्या सवयींत सेट झालेली' म्हटलंय. 'हट्टी' लिहिलं, खोडलं. 'रुळलेली' फार मवाळ. 'रुतलेली' लिहिलं तर कीव येते, आणि तिची कीव येऊ नये असं लेखिकेला वाटतं. परवा आई लोणच्याची बरणी हलवत होती. तिला वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मुरलेली म्हण की."

पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.